मधपेट्यांचा हिशेब आणि रानातल्या माश्या

जबलपूरला बदली होऊन आल्यापासून महाराष्ट्रातून जो कोणी पाहुणा येतो त्याला भेडाघाट दाखविणे हे माझे ठरलेले काम झाले आहे. पंचवटी घाटावरून नाव सुटते आणि नर्मदा संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीत शिरते, तसा नावाडी आपले यमक जुळविलेले निवेदन क्षणभर थांबवून एक सूचना देतो : विडी-सिगारेट पेटवू नका, आरडाओरडा करू नका. वर पाहावे तर पांढऱ्या दगडाच्या कपारींखाली काळसर, अर्धवर्तुळाकार मोहोळे लोंबत असतात. हे आग्या मोहोळ. या सूचनेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तांतांत, रेल्वेच्या पाहणीसाठी येथे आलेल्या एका अभियंत्यावर या माश्यांनी हल्ला केला आणि जीव वाचविण्यासाठी पाण्यात उडी घेतलेला तो तरुण बुडून मरण पावला, अशी हकीकत नोंदविलेली आहे.

पाहुणे घाबरतात, छायाचित्रे काढतात आणि परतीच्या वाटेवर विचारतात, “एवढी मोहोळे आहेत, मग सरकार मधमाशीपालनासाठी वेगळ्या पेट्या कशाला वाटते?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देताना सुमारे दीडशे वर्षांचा एक प्रशासकीय इतिहास सांगावा लागतो. पेटीत पाळली जाणारी माशी आणि रानातली माशी या एक नव्हेत. आणि पहिलीचे हित पाहिले म्हणजे दुसरीचे आपोआप होते, ही समजूत आपल्या अनेक योजनांच्या मुळाशी आहे. ती तपासण्यासाठी हा लेख.

प्रथम आपल्या माश्यांची ओळख करून घेऊ. भारतात मध साठविणाऱ्या चार प्रकारच्या माश्या पूर्वापार आहेत. कड्यांवर आणि उंच झाडांवर एकच मोठे पोळे उघड्यावर बांधणारी आग्या. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी सातेरी. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. आणि डंख नसलेली, डिंक-राळ गोळा करणारी इवलीशी पोयाची माशी. यांपैकी पेटीत मोठ्या प्रमाणावर पाळली गेली ती सातेरी. आग्या पाळता येत नाही. ती ऋतूनुसार दूरवर स्थलांतर करते आणि अनेकदा पुढच्या वर्षी त्याच जागी परत येते.

पण या चौघींच्या पलीकडे भारतात माश्यांच्या सातशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक एकांड्या. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही. एकटी मादी जमिनीत बीळ करते किंवा वाळक्या काडीत, लाकडाच्या भोकात घर करते, प्रत्येक अंड्याजवळ परागाचा एक गोळा ठेवते आणि मरून जाते. लाकूड पोखरणारा काळा भुंगा आपल्याला ठाऊक असतो. पानांचे गोल तुकडे कापून नेणाऱ्या माशीला मात्र मराठीत सर्वमान्य नावही नाही.

या अनाम मंडळींचे काम स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. तुरीच्या फुलाचा दलपुंज उघडून परागसंकर घडविण्यात पानकापू माश्या आणि भुंगे यांचा वाटा मोठा आहे. वांगी आणि टोमॅटो यांचे पराग परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. त्यासाठी फुलाला धरून विशिष्ट कंपनाने हलवावे लागते. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एक एकांडी माशी हे करू शकतात, मधमाशीला ते साधत नाही. आणि आपल्या चटणीचे कारळे? ते स्वतःच्या परागाने फलत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कीटक नसतील तर दाणा भरत नाही. मंडला, डिंडोरी, छिंदवाडा या भागांत आदिवासी शेतकरी हलक्या, चढाच्या जमिनीत हे पीक घेतात, आणि तीळ व कारळे यांच्या अखिल भारतीय संशोधनाचे समन्वय केंद्र वर्षानुवर्षे जबलपूरच्या कृषी विद्यापीठातच राहिले आहे.

आता इतिहासाकडे वळू. भारतात पेटीतील मधमाशीपालनाचे प्रयत्न १८८०च्या दशकात सुरू झाले. पुढे १९१०च्या दशकात दक्षिणेत फादर न्यूटन यांनी सातेरीच्या आकाराला साजेशी लहान पेटी तयार केली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९२८ साली शाही कृषी आयोगाने मधमाशीपालनाची शिफारस केली. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत घाणी, हातकागद यांच्या जोडीला मधमाशीही आली. स्वातंत्र्याच्या सुमारास महाबळेश्वरच्या परिसरात या उद्योगाने मूळ धरले. या साऱ्या प्रवासात केंद्रस्थानी होती ती सातेरी, म्हणजे स्थानिक माशी.

१९६२ हे वर्ष या कथेतील वळण आहे. त्या वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू केली. आणि त्याच वर्षी, तेव्हाच्या पंजाबातील व आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात, नगरोटा बगवां येथे डॉ. अटवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय मधमाशी, म्हणजे मेलिफेरा, भारतात यशस्वीपणे रुजविली. त्याआधीचे असे प्रयत्न टिकले नव्हते. या वेळी युक्ती निराळी होती : परदेशातून आणलेली राणी सातेरीच्या वसाहतीत, तिची स्वतःची राणी काढून, बसविण्यात आली. सातेरीच्या कामकरी माश्यांनी परक्या राणीची अंडी-पिल्ले सांभाळली आणि काही आठवड्यांत पेटीतील सारी प्रजा मेलिफेराची झाली. आपल्याकडे मेलिफेराचे पहिले संगोपन सातेरीनेच केले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

या निर्णयाला आज नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. सातेरीची एक वसाहत वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते. मेलिफेरा पंचवीस ते चाळीस किलो. सातेरी थोड्या कारणाने पेटी सोडून निघून जाते; मेलिफेरा बहुधा टिकते, दूरच्या प्रवासालाही जुमानत नाही. त्यात संकट आले ते ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणुरोगाचे. १९७६ साली थायलंडात आढळलेला हा रोग १९७८च्या सुमारास ईशान्य भारतात आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत पोहोचला. सातेरीच्या अळ्या मरू लागल्या. अनेक भागांत नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती नष्ट झाल्या. ज्यांचे पोट या उद्योगावर होते त्यांना मेलिफेराच्या पेट्या देणे, हा त्या वेळच्या अधिकाऱ्यांना सुचलेला मार्ग होता. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केले असते.

मग आक्षेप कुठे आहे? आक्षेप असा की, एका माशीची जागा दुसरीने घेतली तेव्हा आपण मधाचा फरक मोजला, फुलांवरचा फरक मोजला नाही. मेलिफेराच्या भरभराटीच्या दिवसांत एका पेटीत चाळीस ते साठ हजार माश्या असू शकतात आणि त्या काही किलोमीटरपर्यंत चारा शोधतात. लहान एकांडी माशी आपल्या बिळापासून काही शे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. तिचे आयुष्य काही आठवड्यांचे. त्या अवधीत जवळची फुले रिकामी मिळाली तर तिला साठा नाही आणि दुसरा मोसमही नाही. २०१७ साली दोघा अमेरिकी संशोधकांनी याचा हिशेब मांडला : चाळीस पेट्यांचे मोहोळघर तीन महिने रानात ठेवले तर त्या पेट्या जेवढा पराग गोळा करतात, त्यात सुमारे चाळीस लाख एकांड्या माश्यांची पिल्ले वाढली असती.

कॅनरी बेटांतील टेनेरिफे येथील राष्ट्रीय उद्यानात मधपाळ हंगामात पेट्या आणतात. तेथील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पेट्या असताना रानातल्या परागवाहकांची विविधता घटली, आणि पेट्यांच्या जवळच्या काही झाडांत, मधमाश्यांच्या भेटी भरपूर असूनही, सकस बीज कमी धरले. २०१३ साली जगभरातील ४१ पीकपद्धतींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रानकीटकांच्या भेटी वाढल्या की फळधारणा सर्वत्र वाढली, मधमाश्यांच्या भेटींमुळे मात्र ती केवळ १४ टक्के ठिकाणी लक्षणीय वाढलेली दिसली. थोडक्यात, पेटीतील माशी ही रानातल्या माशीची भर असू शकते, पर्याय नव्हे.

रोगांची देवाणघेवाण हा दुसरा खर्च. ‘व्हरोआ’ नावाची कोळीवर्गीय कीड मुळात सातेरीवरची. सातेरी तिला बऱ्यापैकी आवरून धरते. मेलिफेरा आशियात आल्यावर ती कीड तिच्यावर गेली आणि पुढे जगभरच्या मधपाळांचे तिने कंबरडे मोडले. आग्यावरची दुसरी एक कीडही अशीच मेलिफेरावर आली. उलट दिशेनेही विषाणू फुलांच्या वाटेने रानमाश्यांपर्यंत पोहोचतात. म्हणजे परकी माशी आणणे हा एकेरी व्यवहार नव्हता. त्यात आणणाऱ्यांचेही नुकसान झाले.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. अमेरिका-ऑस्ट्रेलियात मधमाशी हीच मुळात परदेशी आहे. तेथील निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. आपल्या एकांड्या माश्या आग्या-सातेरीच्या शेजारात हजारो वर्षे राहत आल्या आहेत. प्रश्न मधमाशी असण्याचा नाही. एका जातीच्या, माणसाने साखरपाक देऊन जगविलेल्या, एका ठिकाणी दाटीने ठेवलेल्या पेट्यांचा आहे. आणि मोहरीच्या सलग हजारो एकरांत अशा पेट्या ठेवल्याने शेतकरी आणि मधपाळ दोघांचाही लाभ होतो, हेही तितकेच खरे आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कथा फार परिचित वाटेल. जेम्स मीड यांनी १९५२ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात बाह्य लाभ समजावताना सफरचंदाची बाग आणि शेजारचा मधपाळ हेच उदाहरण घेतले होते. बागाईतदार मकरंद फुकट पुरवितो, त्याचा मोबदला त्याला मिळत नाही, म्हणून बाजार अपुरा पडतो, असा त्यांचा युक्तिवाद. १९७३ साली स्टीव्हन च्युंग यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्रत्यक्ष चौकशी करून दाखविले की बागाईतदार आणि मधपाळ यांच्यात रीतसर करार होतात, पैसे दिले-घेतले जातात. बाजार इतका भोळा नाही. एम.ए.च्या वर्गात हा वाद आम्ही मोठ्या चवीने वाचला होता. दोन्ही विद्वानांच्या मांडणीत पक्ष दोनच होते, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. बागेच्या बांधावर, जमिनीत बीळ करून राहणारी तिसरी माशी कोणत्याही करारावर सही करू शकत नव्हती. तिचे नुकसान ना किमतीत उतरत होते, ना भाड्यात.

लक्षात न येण्याचा हा दोष माझाही आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका राज्यात काम करीत असताना, जंगलालगतच्या गावांना मेलिफेराच्या पेट्या वाटण्याचा एक प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. तक्त्यात रकाने होते : गाव, लाभार्थी, पेट्यांची संख्या, अपेक्षित मध, अपेक्षित उत्पन्न. एक रकाना होता, ‘परिसरातील फुलोऱ्याची उपलब्धता’. त्यात सगळ्या गावांपुढे एकच शब्द लिहिलेला होता, ‘मुबलक’. मी खाली लिहिले, “रोजगारनिर्मितीच्या दृष्टीने शिफारस करण्यास हरकत नसावी.” फुलोरा मुबलक, पण कोणासाठी, आणि कोणत्या महिन्यात, हे मी विचारले नाही. पहिल्या वर्षी मध निघाला. पावसाळ्यात रानात फुलोरा नव्हता, साखर विकत घेऊन घालणे लोकांना परवडले नाही आणि दुसऱ्या वर्षी निम्म्याहून अधिक पेट्या रिकाम्या पडल्या होत्या. त्या दोन मोसमांत त्या रानातल्या माश्यांवर काय परिणाम झाला याची नोंद कोठेच नाही, कारण ती ठेवायला कोणी सांगितले नव्हते. सांगण्याची जागा माझी होती.

जबलपूरला आल्यावर हा विचार पुन्हा जागा झाला तो एका विरोधाभासाने. या शहरात तणांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९८९पासून आहे. गाजर गवताचे निर्मूलन हा तिच्या कामाचा मोठा भाग. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत न बोलावता आले, पिकांचे व माणसांचे नुकसान करू लागले, म्हणून त्याचा अभ्यास करणारी यंत्रणा उभी राहिली. मेलिफेराला आपण सन्मानाने बोलावून आणले, ती उत्पन्न देते, म्हणून तिच्यासाठी प्रसाराच्या यंत्रणा उभ्या राहिल्या. लाभाचा हिशेब ठेवणारे खाते आपण उघडतो. त्याच व्यवहाराच्या खर्चाचे खाते तक्रार आल्याशिवाय उघडत नाही. आणि एकांडी माशी तक्रार करीत नाही.

शासकीय कामाच्या वाटणीनेही यात भर घातली आहे. राष्ट्रीय मधमाशी मंडळ आणि २०२०-२१पासूनचे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान कृषी मंत्रालयाकडे. त्या अभियानासाठी प्रारंभी पाचशे कोटी रुपयांची तरतूद होती. खादी आयोगाची २०१७ सालापासूनची मध मोहीम सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाकडे. आग्या मोहोळाचा मध हे गौण वनोपज, त्याची किमान आधारभूत किंमत आदिवासी कार्य मंत्रालयाकडे. जंगल पर्यावरण मंत्रालयाकडे. चार मंत्रालये, चौघांचे हेतू चांगले. पण ज्या माशीपासून मध मिळत नाही तिचा रकाना या चारांपैकी एकाही तक्त्यात मला अद्याप दिसलेला नाही.

मग करावे काय? पेट्या बंद करा, असे मी म्हणणार नाही. अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी मांडतो.

१. ‘मुबलक’ हा शब्द तक्त्यातून काढून टाकावा. त्याऐवजी बारा महिन्यांचा फुलोरा आणि त्यावर येणाऱ्या स्थानिक माश्या यांची साधी नोंद मागावी. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी हे काम करू शकतात.

२. मेलिफेराच्या पेट्या मोहरी, सूर्यफूल यांसारख्या सलग पिकांत द्याव्यात. राखीव जंगले आणि अभयारण्ये यांच्यापासून अंतर ठेवावे. फ्रान्समधील २०१८ सालच्या एका अभ्यासात पेट्यांचा रानमाश्यांवरील परिणाम सुमारे एक किलोमीटरपर्यंत दिसून आला आहे. अंतराचा नियम करायला तेवढा आधार पुरेसा आहे.

३. जंगलालगतच्या गावांत सातेरी आणि आग्या यांवर भर द्यावा. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ते सातेरीच्या मुलखात. आग्या मोहोळ न जाळता, पिल्लांचा भाग राखून केवळ मधाचा भाग कापून घेण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण वर्ध्यात अनेक वर्षे दिले गेले आहे.

४. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या पेट्यांची रोगतपासणी व्हावी. गुरांच्या बाजारात जी दक्षता आपण घेतो ती येथेही हवी.

५. सर्वांत स्वस्त उपाय : बांध उघडे ठेवावेत, वाळलेले लाकूड व पोकळ काड्या जाळून टाकू नयेत, पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. एकांड्या माशीचे घर एवढ्यानेच वाचते. याला अनुदान लागत नाही. कदाचित म्हणूनच याची योजना होत नाही.

महाराष्ट्राबाहेर आणि देशाबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. आपण राहता त्या शहरांत गच्चीवर मधपेटी ठेवणे हे निसर्गप्रेमाचे लक्षण मानले जाऊ लागले आहे. लंडनमध्ये पेट्यांची संख्या उपलब्ध फुलांच्या मानाने जास्त झाल्याचा इशारा क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या २०२०च्या अहवालात देण्यात आला होता. तेव्हा पेटी घेण्यापूर्वी आपल्या परिसरातील मूळच्या माश्या कोणत्या, याची चौकशी जरूर करा. कुंडीत तिथलीच फुलझाडे लावणे आणि अंगणाचा एक कोपरा न खणता सोडणे हे कमी दिखाऊ, पण अधिक उपयोगाचे काम आहे.

मागच्या महिन्यात पुन्हा एका पाहुण्याला घेऊन भेडाघाटला गेलो होतो. नावाड्याने नेहमीची सूचना दिली, मोहोळे दाखविली. पाहुण्यांनी विचारले, “इतर माश्या कुठे असतात?” मी घाटावरच्या पायऱ्यांच्या कडेला, मातीत पडलेली पेन्सिलीएवढी भोके दाखविली. येता-जाता आम्ही त्यांवर पाय देऊन गेलो होतो. असो. तो जुना प्रस्ताव पुन्हा माझ्यासमोर आला, तर या वेळी शिफारशीआधी ‘मुबलक’ या शब्दाभोवती एक वर्तुळ काढीन आणि समासात लिहीन : “खुलासा करावा.”